मावशीला कुणी विचारलं?

बोनकोडे गावात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या अंडाशयात डर्मॉईड गाठ होती. आत केस, चरबी, कधी चक्क दात सापडतात, अशी ही गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवीच असते. "साधी गाठ आहे," एवढं ऐकून सगळे निर्धास्त झाले. पण अशा 100 गाठींपैकी एखाद-दुसरीत कॅन्सर होतो, बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात. मावशीचा कळला तेव्हा तो पोटात पसरला होता.

मग घरात खटला उभा राहिला: आधीच का नाही काढली? मी कोड लिहितो. बग सापडला की वाटतं, हा तर आधीच दिसायला हवा होता. पण निर्णय तेव्हा हातात असलेल्या माहितीवर तोलायचा असतो, नंतरच्या निकालावर नाही.

खरा प्रश्न पुढचा होता: आता काय? साधारण वाट ठाऊक आहे. दिसेल तेवढा आजार ऑपरेशनने काढायचा, मग कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं. परळचं टाटा 1941 पासून आहे, त्यांचं खारघरचं केंद्र तर आमच्यापासून लोकलच्या अंतरावर. पण हा आजार इतका दुर्मीळ, की मोठ्या चाचणीसाठी पुरेसे पेशंटच जमत नाहीत. डॉक्टरांना एकेका पेशंटच्या नोंदींवर आणि इतर कॅन्सरच्या अनुभवावर भिस्त ठेवावी लागते. आजार पसरलेला असेल तर यशाची खात्री कुणीच देत नाही.

पुरावा भक्कम असतो तेव्हा "डॉक्टर म्हणतील तसं" हे शहाणपणाचं असतं. पुरावा तोकडा पडला, की किती त्रास सोसायचा आणि कशासाठी, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर फाईलमध्ये नसतं, पेशंटकडे असतं. आणि आमच्याकडे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होते, हॉलमध्ये चर्चा चालली होती, मावशी आत भाजी निवडत होती. "तिला सांगू नका, खचेल," मामा म्हणाले. त्यांची माया खरी होती. पण त्या मायेनं तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेतला होता.

काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं. पण तेही विचारल्याशिवाय कसं कळणार?

मी स्वयंपाकघरात गेलो. "मावशी, तुला किती सांगू?"

"सगळं."

सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तीन केमो घेते. मग परत विचार."