डाव आणि देव

सज्जनहो, खेळ म्हणजे पोरखेळ, त्यात परमार्थ कसला, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. माणूस मनाने कसा आहे, हे देवळापेक्षा मैदानावर लवकर कळते.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातला अठरावा अध्याय पाहा. गोपाळ गाई घेऊन रानात आले आहेत. कृष्णच खेळ सुचवितो आणि म्हणतो, जोडीस जोड पाहून गट पाडू. दांडगे सारे एकीकडे नि लहानगे दुसरीकडे, असे त्याला चालत नाही. मग गोपाळच बलरामाला आणि कृष्णाला पुढारी नेमतात. बोली अशी, की हरेल त्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन न्यावयाचे. खेळता खेळता मंडळी भांडीर नावाच्या वडापाशी आली आणि बलरामाचा गट जिंकला.

आता कृष्ण काय करतो? त्रैलोक्याचा धनी मुकाट्याने वाकतो आणि श्रीदाम्याला पाठीवर घेतो! 'मी पुढारी, मी कशाला वाकू?' असे म्हणत नाही. रडीचा डाव तर नाहीच नाही.

त्याच खेळात प्रलंबासुर गोपाळाचे सोंग घेऊन शिरला होता. हरलेल्यांत तोही होता. त्याने बलरामाला पाठीवर घेतले. पण उतरवावयाची जी जागा ठरली होती, ती ओलांडून तो तसाच पुढे पळाला. तेथे सोंग उघडे पडले आणि बलरामाच्या मुठीने त्याचा अंत झाला. देवाने हार पत्करली, असुराने हद्द मोडली. पाठीवर दोघांच्याही ओझे होते. फरक ओळखावयाचा तो येथे.

आता आपला खो-खो घ्या. 2025 च्या जानेवारीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीत झाली आणि पुरुष व महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले. आनंदच आहे. पण या खेळातले मर्म चषकाहून मोठे आहे. आठ गडी आलटून पालटून उलट दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, धरलेली दिशा सोडून मागे वळता येत नाही. मग तो बसलेल्याला 'खो' देतो आणि त्याच्या जागी आपण बसतो. अहो, पुढारीपण आणखी वेगळे काय असते? वेळ आली की दुसऱ्याला उठवावे आणि आपण खाली बसावे. एकट्यानेच धावीन म्हणणारा गडी डाव घालवितो.

पण काय सांगावे! स्पर्धेच्या कडेला उभा राहून बापच पोराला खुणावतो, 'पंचाने पाहिले नाही, गप्प राहा!' हुतूतूत अंगाला बोट लागले की नाही, हे पंचाला दिसो न दिसो, ज्याला लागले त्याला ठाऊक असते. पंचाला डोळे दोनच. अंतर्यामीला चुकवून जाल कोठे? पोराने तो डाव जिंकला, पण खोटे पचते हे तो शिकला. उद्या हाच पोर तराजू धरील, सोसायटीचा हिशेब लिहील. तेव्हा मापात पाप आले म्हणून रडून काय उपयोग?

वारीत रिंगण आटोपले की वारकरी फुगड्या घालतात. फुगडीत मी मागे झुकतो तो समोरच्याच्या हाताच्या भरवशावर. त्याने हात सोडला की मी पडलो, आणि मी सोडला की तो. तेथे जात, शेत, पैका कोणी विचारीत नाही.

तेव्हा मायबापहो, मुलांना मैदानावर जरूर धाडा. संध्याकाळी घरी आली की 'जिंकलास का?' हे मागून विचारा. आधी विचारा, 'बाळ, बाद झालास तेव्हा आपण होऊन बाहेर आलास ना? धाकट्याला कच्चे लिंबू म्हणून तरी डावात घेतलेस ना?' याचे उत्तर मान वर करून देणारे लेकरू हरून आले असले, तरी त्याला जवळ घ्या. श्रीदाम्याला पाठीवर घेणारा सावळा त्याच्याच गटात आहे.

रामकृष्णहरी!