दोराचं दुसरं टोक

कमरेला हार्नेस बांधून झाल्यावर गाइडने आम्हाला त्यावर लटकवलेल्या वस्तू मोजायला सांगितल्या. पाच कॅराबिनर, दोन लहान पुली, बर्फात पिळून बसवायचा एक स्क्रू, पातळ दोरीचे दोन फास, एक लांब पट्टा. मग त्याने विचारलं, यातलं तुमच्या स्वतःच्या कामाचं काय? आम्ही दोघी गोंधळलो. स्वतः भेगेत पडलो तर स्क्रूने भिंतीला अडकून घेता येतं, फासांच्या आधाराने दोरावरून वर चढायचा प्रयत्न करता येतो. बाकी जवळजवळ सगळं दुसरीला बाहेर काढण्यासाठी. माझ्या सुटकेचं सामान मैत्रिणीच्या कमरेला होतं आणि तिच्या सुटकेचं माझ्या.

मी भाषांतरकार आहे, गिर्यारोहक नव्हे. आल्प्समध्ये स्कीवर भटकणाऱ्या एका माणसाच्या फ्रेंच आठवणी मराठीत आणताना मी 'क्रव्हास' या शब्दापाशी अडले. हिमनदी हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. पण ती नदी उतारावरून सरकताना ताण पडून तिला जी भेग जाते, तिला काय म्हणायचं? इंग्रजीने एकाच जुन्या फ्रेंच शब्दापासून दोन शब्द केले, खडकातली बारीक चीर ती क्रेव्हिस आणि हिमनदीतली खोल भेग ती क्रेव्हास. सह्याद्रीने आपल्याला घळ, नाळ, कपार असे शब्द दिले खरे, पण त्या जागा दिसतात तरी. हिमनदीतली भेग पुष्कळदा दिसतच नाही. वाऱ्याने आणलेलं बर्फ तिच्या तोंडावर साचत जातं, त्याचा पूल होतो, आणि वरून सगळं सपाट मैदान. मी 'हिमभेग' लिहिलं आणि असमाधानी राहिले. जादवपूरला तौलनिक साहित्याच्या वर्गात माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण आता ग्रनोबलला असते. गेले तीन हिवाळे तिच्याकडे जाऊन मी स्की शिकते आहे, म्हणजे पडून उठायला शिकते आहे. ती म्हणाली, "शब्दाचं नंतर बघ, आधी भेग बघून घे." म्हणून एप्रिलमध्ये आम्ही शामोनीहून ३,८४२ मीटरवरच्या एग्वी द्यू मिदीला पाळण्याने गेलो, तिथून खाली हिमनदीवर.

हिमनदी चढताना एकमेकींना बांधून घ्यायचं. दोघीच असल्या तर मधला दोर लांब ठेवायचा आणि त्यात गाठी मारायच्या, म्हणजे एकजण पडली की गाठी भेगेच्या काठात रुततात आणि वरचीला बसणारी ओढ कमी होते. दोर फार ताणायचा नाही, फार सैल सोडायचा नाही. सैल दोर म्हणजे पडणारीचा वेग वाढू देणं. पुढचीच्या चालीकडे इतकं लक्ष मी कधी कोणाच्या चालीकडे दिलं नसेल.

दुपारी सराव. मैत्रिणीला एका उघड्या भेगेच्या काठावरून खाली सोडलं. गाइडने तिला वेगळ्या दोराने बांधलं होतं, त्यामुळे धोका नव्हता. पण भार मात्र माझ्या कमरेवर. टाचा रोवून मी बर्फात पडून राहिले. आता त्याच अवस्थेत आडवा चर खणायचा, त्यात स्की पुरायच्या, स्कींच्या मध्याला पट्टा घालून तिचा भार हळूहळू माझ्यावरून त्यावर द्यायचा. मग काठापर्यंत जाऊन तिची हालत बघायची, दोर काठात कापत जाऊ नये म्हणून खाली सॅक सरकवायची, उरलेला दोर तिच्याकडे सोडून पुलींवर ओढायचं. कागदावर तीनास एक फायदा. त्यातला बराच घर्षणात जातो. मला चाळीस मिनिटं लागली. बर्फ आवाज गिळतं, खालून काहीच ऐकू येत नव्हतं. हातमोजे घालून गाठ बसेना, म्हणून मी ते काढले, आणि दोन मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत.

त्या चाळीस मिनिटांतली एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या दहा मिनिटांत, कमर तुटायला आलेली असताना, हिच्यापासून सुटावं असं मला वाटलं. हिला सोडवावं असं नव्हे. भार स्कींवर गेला तेव्हा जो आनंद झाला, तो सगळा माझ्या कमरेचा होता.

रात्री झोप लागेना तेव्हा मला महाप्रस्थान आठवलं. हिमालयात पांडव चालले आहेत. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. प्रत्येकाच्या पडण्याचं कारण, म्हणजे त्याचा दोष, मात्र तो भीमाला बिनचूक सांगतो. इरावती कर्व्यांना हे सोसलं नसावं. 'युगान्त'मध्ये त्यांनी भीमाला द्रौपदीपाशी आणलं. मलाही आजवर युधिष्ठिराचं ते न वळणं कठोर वाटायचं. त्या रात्री वाटलं, वळून त्याने केलं काय असतं? त्याच्याकडे धर्म होता, दोर नव्हता. आपल्या नीतिविचारात अंतःकरण शुद्ध आहे का, नियम कोणता लागू होतो, यावर केवढा खल आहे. हातमोजे घालून गाठ मारता येते का, हा प्रश्न त्यात कुठे येत नाही. माझं मैत्रिणीवर प्रेम आहे. पण त्या प्रेमाने स्की पुरल्या जात नव्हत्या.

म्हणूनच सायमन येट्सबद्दल मी माझं मत बदललं. १९८५ साली पेरूतल्या सिउला ग्रांदेवरून उतरताना त्याचा जोडीदार जो सिम्पसन याचा पाय मोडला. येट्सने दोन दोर एकत्र बांधून वादळात त्याला टप्प्याटप्प्याने खाली सोडलं. शेवटी अंधारात सिम्पसन एका कड्याखाली अधांतरी लटकला. काही दिसेना, ऐकू येईना, आणि येट्सची बर्फातली बैठक ढासळत चालली. त्याने दोर कापला. सिम्पसन एका हिमभेगेत पडला, वर चढता येईना म्हणून उलट आणखी खोल उतरला, तिथून वाट काढून सरपटत तळापर्यंत पोचला, आणि पुढे आपल्या पुस्तकात त्याने येट्सचीच बाजू घेतली. पूर्वी मी त्या सुरीकडेच बघत असे. आता तिच्या आधीचे तास बघते. जे जे करता येण्यासारखं होतं ते येट्सला येत होतं आणि त्याने ते केलं होतं. स्की पुरायला कधी शिकलेच नाही म्हणून मी दोर कापला असता, तर सुरी तीच, कृत्य मात्र वेगळं.

अर्थात कौशल्याला सगळं शरण जात नाही. गढवालमध्ये द्रौपदी का डांडा नावाचीच शिखरं आहेत. ४ ऑक्टोबर २०२२ ला त्यांतल्या एकावर हिमस्खलन झालं आणि शिकायला आलेली पंचवीसहून अधिक माणसं गेली. भेगेत लोटली गेलेली ती माणसं हेच सगळं शिकत होती. त्यापुढे माझा युक्तिवाद मला मांडवत नाही. मागेही घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उतरायचं होतं, आणि उतरताना स्की करणारे बहुधा दोर सोडतात. बांधून स्की करणं अवघड. एक पडली की दुसरीला ओढते. स्की भार पसरवतात, वेग असला की पूल टिकण्याची शक्यता बरी. म्हणजे जिथे वेग जास्त तिथेच बंध नाही. मग दोर कोणाच्या सॅकमध्ये? एकच दोर असेल आणि तो घेऊन जाणारीच पडली, तर वरची नुसती बघत राहणार. म्हणून दोन दोर, दोघींकडे एकेक.

"काल खाली काय विचार करत होतीस?" मी विचारलं.

"तू काठाच्या फार जवळ येशील याची भीती वाटत होती," ती म्हणाली. माझ्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख मराठीत आहे. ती बंगाली आहे, पण देवनागरी तिला येते.

ती आधी निघाली. मी जागेवर उभी राहून तिची वळणं मोजत होते. आठव्या वळणावर ती थांबली, पुरी वळून वर बघितलं, आणि मी निघेपर्यंत तशीच उभी राहिली.