परमुलखातल्या मिशनकार्याची तयारी

परदेशात दीर्घकाळ राहून ख्रिस्ती मिशनकार्य करू इच्छिणाऱ्याची तयारी पाचारणाच्या जाणिवेपासून सुरू होते. ती जाणीव खरी की क्षणिक उमाळा, हे त्याला जवळून ओळखणारी मंडळी आणि पाठवणारी संस्था मिळून पारखतात. बायबल व धर्मशास्त्राचे शिक्षण, मंडळीतल्या कामाचा अनुभव, आरोग्याची व मनःस्वास्थ्याची तपासणी, खर्चाची तजवीज हे टप्पे बहुतेक संस्थांमध्ये ठरलेले असतात आणि ते आवश्यकच आहेत. पण या कामाचा इतिहास पाहिला तर निर्णायक ठरते ती निराळी तयारी: दुसऱ्याच्या मुलखात पुन्हा विद्यार्थी होऊन राहण्याची.

महाराष्ट्रात याचे दाखले ठळक आहेत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी अँडोव्हरच्या सेमिनरीत शिकून, १८१२ मध्ये दीक्षा घेऊन निघाले आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हॉलने निघण्यापूर्वी थोडे वैद्यकही शिकून घेतले होते. मुंबईत त्यांच्यापुढे पहिला आला तो देश सोडण्याचा सरकारी हुकूम. तो हुकूम अखेर टळला, पण पुढे नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परत गेला. हॉल राहिला, मराठी शिकला, मराठीत उपदेश करू लागला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासातून परतताना पटकीने वारला. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. अँडोव्हरने त्याला धर्मशास्त्र दिले होते, पण ज्या मराठीवर त्याचे सारे काम उभे राहिले ती त्याला इथेच, इथल्या माणसांकडून शिकावी लागली.

१८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने हे ओळखून क्रम लावला. मुंबईत संस्था उभारण्याआधी तो पत्नी मार्गारेटसह कोकणात हर्णै-बाणकोटकडे मराठी शिकायला गेला. मार्गारेटही मराठी शिकली आणि मुंबईत तिने मुलींच्या शाळा चालवल्या. १८३५ मध्ये तिचे निधन झाले. पत्नीला केवळ सोबतीण मानून तिच्या शिक्षणाची वेगळी सोय न करणे ही अनेक मिशनांची जुनी चूक होती. जोडप्यातल्या एकालाच भाषा येत असेल, तर दुसऱ्याचा परकेपणा सगळ्या घरावर पसरतो.

त्याहून दीर्घ उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ मध्ये. मधल्या ३७ वर्षांत तो इथल्या पुराणांची रचना आणि ओवीचा ठेका इतका मुरवून घेऊ शकला, की ख्रिस्तकथा त्याने त्याच घाटात सांगितली. कोणताही अभ्यासक्रम निघण्यापूर्वी एवढे देऊ शकत नाही. म्हणून उमेदवाराला निदान भाषा कशी शिकावी हे शिकवून पाठवावे, आणि पोहोचल्यावर पहिले वर्ष-दोन वर्षे दुसरी जबाबदारी देऊ नये. पहिल्याच महिन्यात शाळा किंवा दवाखाना हाती आला, की दुभाष्यावर भागते आणि मग तसेच भागवण्याची सवय लागते.

१९१० च्या एडिंबरो जागतिक मिशन परिषदेने आपल्या आठ आयोगांपैकी एक खास मिशनऱ्यांच्या तयारीला दिला होता. त्याच परिषदेत भारतीय ख्रिस्ती नेते व्ही. एस. अझारिया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांचा त्याग मान्य करून त्यांच्याकडे मैत्री मागितली. ही मागणी तयारीच्या मर्मावरच बोट ठेवणारी होती. देणारा आणि घेणारा ही नाती पगार, बंगला आणि निधी यांतून आपोआप जुळतात, मैत्री मात्र तशी जुळत नाही. स्थानिकांच्या घरी राहणे, त्यांचे अन्न खाणे, आजारपणात त्यांच्यावर विसंबणे हे ज्याला कमीपणाचे वाटते, त्याला आणखी एखादा धर्मशास्त्राचा वर्ग देऊन उपयोग नाही. त्याची ही अडचण निघण्यापूर्वीच, दुसऱ्या समाजात काही काळ ठेवून, उघड व्हायला हवी.

आज पाठवणाऱ्या देशांत कोरिया, ब्राझील, नायजेरिया आहेत, भारतातल्या मिझोराम-नागालँडच्या मंडळ्याही आहेत. अनेक देश मिशनरी म्हणून व्हिसा देत नाहीत, त्यामुळे शिक्षक, परिचारिका, अभियंता म्हणून जाण्याचा मार्ग रूढ झाला आहे. तिथे तो व्यवसाय निव्वळ आडोसा असेल तर ते यजमानांशी अप्रामाणिकपणाचे आहे. शिक्षक म्हणून जाणाऱ्याने उत्तम शिकवलेच पाहिजे, आणि आपला विश्वास विचारणाऱ्यापासून लपवू नये.

परतण्याची तयारीही सुरुवातीपासूनच करावी लागते. चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री वेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच मांडले होते, की स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः सांभाळावा आणि मिशनने पुढे सरकावे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हिशेब व निर्णय परदेशी हातांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले, कारण सोपवण्याचे शिक्षण कुणाला दिलेच नव्हते. त्यामुळे उमेदवाराच्या पहिल्या कार्यकाळाच्या आराखड्यातच, कोणते काम कोणत्या वर्षी कुणाच्या हाती जाईल, हे त्या स्थानिक सहकाऱ्यांना बरोबर घेऊन लिहिलेले असावे.