दुर्गम, पण कोणासाठी?

‘दुर्गम’ म्हणजे जिथं जाणं कठीण ते. पण जाणार कोण, हे हा शब्द सांगत नाही. जाणारा शहरातला, बहुधा सरकारी गाडीतला, असं आपण मनात धरूनच चालतो. पाड्यावर जन्मलेल्याला पाडा दुर्गम वाटत नाही. त्याला दुर्गम असतं ते तालुक्याच्या कचेरीतलं टेबल.

विजेच्या बाबतीत तर हा शब्द आणखीच फसवा ठरतो. सरदार सरोवराची वीजनिर्मिती क्षमता 1,450 मेगावॉट. त्याच्या बुडीत क्षेत्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची 33 गावं आली. वस्ती मुख्यतः भिल्ल-पावरांची. विजेचे वाटे ठरले ते राज्यांचे: मध्य प्रदेशाला 57 टक्के, महाराष्ट्राला 27, गुजरातला 16. बुडणाऱ्या पाड्यांचा वेगळा वाटा त्या हिशेबात नव्हता. वीज जिथं तयार होते त्या खोऱ्याला विजेपासून दूर म्हणायचं, हा भूगोल कोणता? तंत्रज्ञ सांगतील, 400 केव्हीच्या तारेला मधेच आकडा टाकून चार घरं उजळत नाहीत. आधी उपकेंद्र लागतं, मग 33 आणि 11 केव्हीच्या वाहिन्या, मग डीपी. खरं आहे. पण उपकेंद्र कुठं उभारायचं हे भौतिकशास्त्र ठरवत नाही.

पुढं कागदावरचा उजेड आला. 2004च्या व्याख्येप्रमाणे डीपी आणि तारा पोचल्या, शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज आली आणि दहा टक्के घरांत दिवा लागला, की गाव ‘विद्युतीकृत’. सातपुड्यात एक महसुली गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले कितीतरी पाडे. रस्त्याकडेच्या एकाच पाड्यावर दहा टक्के भरू शकतात. 28 एप्रिल 2018ला मणिपूरच्या लैसांग गावात वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव उजळल्याची घोषणा झाली. व्याख्येप्रमाणे ती खरीही होती. घरांची मोजणी वेगळी असते, म्हणून तर ‘सौभाग्य’ ही घरोघरी जोडणी देणारी योजना त्याआधीच, 2017मध्ये, आणावी लागली होती.

याच खोऱ्यात दुसरा प्रयोगही झाला. अक्राणीतल्या बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून, केरळच्या तरुण अभियंत्यांच्या साथीनं, 2003मध्ये 15 किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारला. धबधब्याचं पाणी वळवलं, जनित्र फिरलं, पाड्यांवर दिवे लागले. 2006च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. गावाची वीज राज्यांच्या विजेखाली गेली.

बिलगावची गोष्ट सांगताना आपला गळा दाटतो, आणि तिथंच सावध व्हायला हवं. 15 किलोवॉट शेकडो घरांत वाटले तर वाट्याला दिवाच येतो; पिठाची गिरणी, शेतीपंप, आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज त्यावर निभत नाही. ‘आदिवासींना छोटंसं, आपापलंच बरं’ असं म्हणणाऱ्याच्या घरी मात्र अखंड ग्रिड असतं. पाड्यावरच्या पोरालाही तेच हवं असेल, तर त्यात गैर काय?

मग प्रश्न उरतो तो तारेच्या मालकीचा. कॅनडातल्या ओंटारियोच्या वायव्य टोकाला आदिवासी वस्त्या डिझेलच्या जनित्रांवर जगत. डिझेल यायचं विमानानं, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरच्या रस्त्यानं. जनित्राची क्षमता संपली, की नव्या घराला जोडणी मिळत नसे. तिथल्या सुमारे 1,800 किलोमीटरच्या वाहिनीच्या कंपनीत 24 आदिवासी समुदायांची मालकी 51 टक्के आहे. 2018च्या डिसेंबरात पिकांगिकम ही पहिली वस्ती जोडली गेली. वाहिनीचं नाव ‘वाताय्निकानेयाप’, म्हणजे उजेड आणणारी रेघ. ते तिथल्या वडीलधाऱ्यांनी दिलं. मालकीनं बिल आपोआप कमी होत नाही, वादळात खांबही पडतात. पण तार कुठून न्यायची आणि कुठं थांबायची, हे ठरवताना त्यांची खुर्ची बाहेरच्या बाकावर नसते.

आपल्याकडे ग्रामसभेला अशी खुर्ची आहे का? अर्धीच आहे. 2006च्या वनहक्क कायद्याप्रमाणे गावासाठी वनजमिनीतून विजेची तार आणायची, तर एक हेक्टरच्या मर्यादेत ती परवानगी मिळू शकते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. आणि डोंगर ओलांडून दूरच्या शहराला जाणारी उच्चदाबाची वाहिनी? अशा ‘रेषीय’ प्रकल्पांना केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं 2013मध्ये, काही अपवाद वगळता, ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. म्हणजे पाड्यावर येणाऱ्या चार खांबांसाठी गावाला विचारायचं आणि पाड्यावरून जाणाऱ्या मनोऱ्यांसाठी विचारायचं नाही.