कवडीमोल संग्रहाचे काय करावे?

कुरआनची 102 वी सूरह ‘अत्-तकासुर’. अवघ्या आठ आयतींची ही सूरह अधिकाधिक मिळविण्याच्या हव्यासाकडे बोट दाखवते. या हव्यासात माणूस इतका गढून जातो की कबरीशी पोहोचेपर्यंत त्याला भान येत नाही. या सूरहवर बोलताना आपण खतीब मंडळी बहुधा सोने, शेतजमीन, फ्लॅट आणि बँकेतील ठेवी यांचीच उदाहरणे देतो. ज्या ढिगाला बाजारात काडीची किंमत नाही, त्याचा विचार आपल्या मनात येत नाही. वास्तविक ‘तकासुर’ या शब्दात किमतीचा उल्लेखच नाही. त्यात आहे ती केवळ संख्या, ‘अजून, अजून’ ही ओढ.

हा विषय सुचण्यास एक प्रश्न कारण झाला. आमच्या मशिदीतील एका नमाजीकडे क्रिकेटपटूंची सुमारे सहा हजार कार्डे आहेत. आयपीएल सुरू झाल्यानंतर टॉप्स कंपनीची ‘क्रिकेट अटॅक्स’ नावाची कार्डे आपल्याकडे दुकानादुकानांतून मिळू लागली. बंद पाकीट, आत कोणता खेळाडू आहे ते फोडल्यावर कळायचे. त्याआधीच्या पिढीने कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डे जमवली होती, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. या गृहस्थांनी विद्यार्थिदशेत सुरू केलेला छंद नोकरी लागल्यावरही सोडला नाही. आता घरात तीन मुले आहेत, जागा अपुरी आहे आणि पलंगाखाली खोकी आहेत. त्यांनी विचारले, “मौलाना, ही टाकून दिली तर इस्राफ होईल का? आणि ठेवली तर ते काय होईल?”

प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटला.

पहिल्या भागाचे उत्तर शोधताना ‘माल’ म्हणजे काय येथून सुरुवात करावी लागते. माल वाया घालवणे अल्लाहला नापसंत आहे, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमधून आपल्याला ठाऊक आहे. हनफी फकीहांनी मालची जी ओळख सांगितली आहे, तिचा आशय असा की ज्याकडे माणसाचा स्वभावतः कल असतो आणि जे गरजेच्या वेळेसाठी साठवून ठेवता येते, तो माल. या कसोटीवर ही कार्डे घासून पाहावीत. गरजेच्या वेळी ती कामी येतील काय? सहा हजार कार्डांचे वजन फार तर दहा-बारा किलो भरेल. रद्दीत त्यांचे एका वेळच्या भाजीपुरते पैसे येतील. चकचकीत लेपाचा कागद म्हणून रद्दीवाल्याने नाक मुरडले, तर तेही नाहीत. पैसा वाया गेला असेल, तर तो पाकिटे विकत घेतली त्या दिवसांत गेला. आज खोके पलंगाखालीच राहू दिल्याने तो परत येत नाही. गेलेला खर्च सांभाळत बसणे ही काटकसर नव्हे. माझ्या मते ती काटकसरीची नक्कल आहे.

परंतु या गृहस्थांच्या मनात आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी जरा संकोचाने सांगितली. ‘पुढेमागे यांना भाव आला तर?’

ही आशा कोठून येते, ते पाहण्यासाठी अमेरिकेकडे जावे लागेल. तेथे बेसबॉलपटूंच्या कार्डांचा छंद शंभराहून अधिक वर्षांचा आहे. टॉप्सने 1952 मध्ये काढलेले मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकले गेले. असे का घडले? त्या वर्षीच्या मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने 1960 मध्ये समुद्रात बुडवली, असे सांगितले जाते. मुले मोठी झाली तसे आयांनी घरातील कार्डेही केरात टाकली. जे थोडे उरले, ते मौल्यवान ठरले. ही वार्ता पसरल्यावर 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात लोक शहाणे झाले आणि ठरवून साठवू लागले. कंपन्यांनीही छपाई बेसुमार वाढवली. मुलांच्या उच्चशिक्षणाची तरतूद म्हणून अनेकांनी न फोडलेले डबे माळ्यावर ठेवले. आज त्यातील बहुतेक कार्डांना कोणी विचारत नाही. त्या काळाला तेथील संग्राहकच मेणकागदी पाकिटांवरून ‘जंक वॅक्स’ म्हणतात. लोकांनी टाकले तेव्हा किंमत आली, सर्वांनी जपले तेव्हा किंमत गेली! बाजाराचा हा विनोद अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभेल; आपण मात्र त्यातून एवढेच घ्यावे की सर्वांच्याच घरी साठवलेली वस्तू कोणालाच श्रीमंत करीत नाही.

भावाची आशा असेल तर शरीअतचा एक सरळ प्रश्नही पुढे येतो, तो म्हणजे जकातीचा. वस्तू विकत घेतानाच ती पुढे विकण्याचा इरादा असेल, तर ती व्यापारी माल ठरते आणि निसाब व वर्षाच्या अटी पूर्ण झाल्यावर तिच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात येते. हौसेसाठी घेतली असेल तर येत नाही. म्हणजे ज्याला हे धन आहे असे वाटते, त्याने दर वर्षी तिची आजची किंमत प्रामाणिकपणे लिहून काढावी लागेल. मी त्यांना तसे करायला सांगितले. आकडा लिहिताना ते स्वतःच हसले.

मग द्यावीत कोणाला? येथे एक सोपी पळवाट आहे आणि आपल्या समाजात ती फार वापरली जाते. घरातील अडगळ गोणीत भरायची, यतीमखान्यात पोहोचवायची आणि सदका केल्याचे समाधान मिळवायचे. सूरह बकरहच्या 267 व्या आयतीत अल्लाहने नेमके हेच रोखले आहे. जी वस्तू आपल्याला कोणी दिली तर आपण डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, ती त्याच्या मार्गात देण्यासाठी निवडू नये. सहा हजार कार्डांचे न निवडलेले खोके यतीमखान्याच्या दारात ठेवणे म्हणजे आपली निवडण्याची मेहनत अनाथांच्या सेवकांवर ढकलणे. याउलट दोन संध्याकाळी बसून संघवार लावलेली, न मळलेली शंभर कार्डे एखाद्या क्रिकेटवेड्या मुलाला दिली, तर ती भेट होते. बाकी रद्दीत जाऊ द्यावीत. मात्र ‘जिंकेल त्याने हरणाऱ्याचे कार्ड घ्यायचे’ हा खेळ मुलांत चालतो, त्यापासून देतानाच सावध करावे. रक्कम क्षुल्लक असली तरी त्याची जात जुगाराचीच आहे. (कार्डांवरील छायाचित्रांविषयी उलेमांत जो मतभेद आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. ज्यांना ती घरात ठेवणेच अयोग्य वाटते, त्यांचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.)

विकायची असतील तर तीही जरूर विकावीत. फक्त ‘आत दुर्मीळ कार्ड असू शकते’ असे सांगून मिसळीची बंद पाकिटे करून विकू नयेत, कारण आत काही नाही हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ढीग धान्याचा असो की कार्डांचा, खालचा थर वर दिसला पाहिजे.

सगळेच टाकावे असेही मी म्हणणार नाही. निर्जीव वस्तूवर जीव जडणे इस्लामने निषिद्ध मानलेले नाही. प्रेषितांनी (स.) उहुद पर्वताविषयी प्रेम बोलून दाखवले होते. धाकट्या भावाबरोबर अदलाबदल केलेली दहा-वीस कार्डे एखाद्याने जपली, तर त्यात आठवण आहे. सहा हजारांत मात्र आठवण सापडत नाही. ती शोधायला खोके उपसावे लागते. किती ठेवावीत याचे माप मी दिले नाही. जेवढी नाव घेऊन आठवतात तेवढी ठेवा, इतकेच म्हणालो.

‘ठेवली तर काय होईल’ याचे उत्तर देताना मी त्यांना वारसाहक्काचा नियम सांगितला. माणूस गेल्यावर त्याच्या मालकीची लहानसहान वस्तूही तरकामध्ये येते आणि तीत प्रत्येक वारसाचा हिस्सा असतो. वारसांत अज्ञान मूल असेल, तर त्याचा हिस्सा आई किंवा चुलतेही दान करू शकत नाहीत. जे खोके आज दोन संध्याकाळींत निकाली निघते, त्याला उद्या दुःखात बुडालेल्या घरातील माणसे हात लावायलाही बिचकतील. त्यांची मुले अकरा, आठ आणि चार वर्षांची आहेत. हे ऐकल्यावर त्यांनी विचारले की निवडानिवडीला मोठ्या मुलाला सोबत घेतले तर चालेल का. मी म्हटले, अवश्य घ्या. आणि प्रत्येक पाकीट केवढ्याला पडले होते, तेही त्याला सांगा.