चार वेद आणि दारातला पाचवा

वसईजवळच्या गिरीज गावात एक टेकडी आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ती वज्रगड म्हणून येते, बोलण्यात हिराडोंगरी. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी नातं सांगणाऱ्या या गडाचं गडपण आता फारसं उरलेलं नाही. वर दत्ताचं देऊळ आहे आणि लोक चढतात ते दत्तासाठी. पायथ्याशी वाड्या, विहिरी, ख्रिस्ती घरांपुढचे क्रूस. दत्त म्हटला की तीन शिरं, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. ही कुत्री म्हणजे चार वेद, हे मराठी घरातल्या पोराला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असतं.

एवढ्या मानाचं स्थान दुसऱ्या कुठल्या प्राण्याला क्वचितच मिळालं असेल. तरीही कुठल्याही दत्तमंदिराबाहेर, चपला शोधणाऱ्या भक्ताजवळ पाचवा कुत्रा शेपूट हलवत आला, की तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘हाड!’ गंमत अशी की भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने, म्हणजे परंपरेच्या मते दत्तानेच, चोवीस गुरू केले. त्यांत अजगर आहे, मधमाशी आहे, कोळी आहे, कबुतर आहे. कुत्रा मात्र नाही. चित्रात जो कायम सोबत, त्याच्याकडून शिकण्यासारखं काही आहे हे यादी करताना आठवलंच नाही म्हणायचं.

धर्माने कुत्र्याला उपाशी ठेवलं, असं मात्र कुणी म्हणू नये. वैश्वदेवात गायीसाठी, कावळ्यासाठी, तसाच कुत्र्यासाठीही घास काढून ठेवायची पद्धत होती. यमाच्या वाटेवर श्याम आणि शबल नावाचे दोन कुत्रे असतात, त्यांच्या नावाने. भैरवाचं वाहन कुत्रा, खंडोबाच्या पायाशी कुत्रा. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा कीर्तनात अजूनही लोकांना हलवते. पण या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. घास उंबऱ्याबाहेर ठेवलेला असतो. भाकरीच्या कथेत कुत्र्यात विठ्ठल दिसतो आणि कथा संपते. त्या रात्री तो कुत्रा झोपला कुठे, हे कुणी विचारत नाही.

अन्न आणि अभय, या दोन दानांत आपली परंपरा मोठी आहे. निवारा केंद्रातल्या कुत्र्याला घर शोधून देणं हे तिसरंच काही आहे, आणि त्याचं धर्माच्या हिशोबात नेमकं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

अभयासाठी तर मुंबई एकदा पेटली होती. उन्हाळ्यात पिसाळण्याच्या भीतीने इंग्रज सरकार भटकी कुत्री मारत असे आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे पैसे मिळत. १८३२ च्या जूनमध्ये ही मोहीम पारशांच्या सणाच्या दिवशीही चालू राहिली. पारशांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान पवित्र. मृताचं अंत्यदर्शन कुत्र्याला घडवण्याचा ‘सगदीद’ हा त्यांचा विधी. लोक रस्त्यावर आले, दुकानं बंद पडली, गोऱ्या शिपायांचं खाणंपिणं अडलं. इतर समाजातले लोकही त्यात सामील झाले. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशेट अमीचंद यांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. भुलेश्वरजवळच्या त्या पांजरपोळात आज जाणारा माणूस गायींना चारा घालून येतो. ज्यांच्यासाठी दंगल झाली त्यांची आठवण तिथे फारशी कुणाला होत नाही.

दुसरा मोठा वाद १९२६ चा, अहमदाबादचा. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली आणि जैन-वैष्णव समाज खवळला. अहिंसेचा उद्गाता म्हणून लोकांनी गांधीजींकडे धाव घेतली, तर त्यांनी साराभाईंचीच बाजू घेतली. पुढचे काही आठवडे ते ‘यंग इंडिया’तून या विषयावर लिहीत राहिले आणि संतापलेल्या पत्रांना उत्तरं देत राहिले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: बेवारस कुत्र्यापुढे तुकडा टाकणं ही दया नाही, त्यात त्याचा अपमान आहे. समाजात बेवारस कुत्री हिंडतात हे त्या समाजाच्या करुणेचं नव्हे, आळसाचं लक्षण. ज्याला खरंच कळवळा आहे त्याने कुत्रा पाळावा, त्याचा खर्च आणि त्याची जबाबदारी उचलावी.

यातला मारण्याचा भाग आज पटणं कठीण आहे. लस आणि नसबंदी यांनी चित्र पुष्कळ बदललं. पण उरलेला भाग शंभर वर्षांनंतरही टोचतो. पुण्य मिळवायचं आणि जबाबदारी चौकात सोडून घरी यायचं, या सवयीवर गांधीजींनी नेमकं बोट ठेवलं होतं.

अर्थात त्यांचंही थोडं चुकत होतं. गल्लीत वाढलेला, चहावाल्याच्या बाकाखाली झोपणारा, चार घरांचं खाणारा कुत्रा हा बेघर असतोच असं नाही. त्याची हद्द असते, ओळखी असतात, दुपारची ठरलेली सावली असते. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत कोंडणं ही दया म्हणायची की हौस? भारतातला कायदाही याच समजुतीवर उभा आहे. २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्याला पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. जागा रिकामी केली तर तिथे बिनलशीची नवी कुत्री येतात, हा त्यामागचा साधा हिशोब. घराची खरी गरज असते ती आई मेलेल्या पिल्लांना, गाडीखाली पाय गेलेल्याला, आणि सर्वांत जास्त, एकदा घरात राहून रस्त्यावर आलेल्याला.

या शेवटच्या प्रकाराने निवारा केंद्रं भरतात. हौसेने आणलेला लॅब्रॅडॉर, आपल्या दमट हवेत धापा टाकणारा हस्की; मग बदली होते, बाळ येतं, भाड्याची जागा बदलते, कुत्र्याला कातडीचा आजार होतो. एका सकाळी तो हायवेला सापडतो, गळ्यात पट्टा तसाच. रस्त्यावर जगायचं कसं हे त्याला येत नाही. कुठली गाडी कशी चुकवायची, कुणाच्या हद्दीत शिरायचं नाही, हे गल्लीतल्या कुत्र्याला जन्मापासून कळतं. हा मात्र प्रत्येक थांबलेल्या गाडीच्या दाराशी जातो.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातली कथा नीट वाचली तर ती याच प्रसंगाची आहे. द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले. युधिष्ठिर मागे न बघता चालत राहिला. सोबत उरला तो वाटेत मागे लागलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्यासकट स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर अडून बसला. इंद्राने खोचक प्रश्न केला: भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग कुत्र्याचाच एवढा मोह का? उत्तर विलक्षण आहे. ती मेली होती, तिथे माझा इलाज नव्हता. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा जिवंत आहे. शरणागताला टाकणं, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचं धन लुटणं, मित्रद्रोह, या चारांच्या तोडीचं पाप म्हणजे भरवशाने सोबत आलेल्याचा त्याग.

या उत्तराचा भर भूतदयेवर नाही. युधिष्ठिर जगातल्या सगळ्या कुत्र्यांची बाजू मांडत नाही, या एकाची मांडतो. प्रश्न आहे तो दिलेल्या सोबतीचा. नंतर तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो आणि ऐकणाऱ्यांना हायसं वाटतं. खरं तर त्या खुलाशाने कथेची धार थोडी बोथटच होते. तो नुसता कुत्रा असता तरी उत्तर तेच असायला हवं होतं.

हिराडोंगरीच्या पायथ्याच्या घरांत जे कॅथलिक बायबल वाचलं जातं, त्यातही प्रवासाला निघालेला एक बिननावाचा कुत्रा आहे. टोबीतच्या ग्रंथात तरुण टोबिया देवदूत राफाएलबरोबर निघतो, तेव्हा कुत्रा त्यांच्यामागे जातो आणि परततानाही बरोबर असतो. तो काही चमत्कार करत नाही. प्लेगच्या साथीत संत रोकला भाकरी आणून देणारा कुत्राही कॅथलिक मूर्तींमध्ये त्याच्या पायाशी असतो. तरी चर्चची अधिकृत शिकवण सावध आहे. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ असिसीच्या फ्रान्सिसची प्राण्यांवरची माया आठवायला सांगतो, प्राण्यांना विनाकारण यातना देणं माणसाला शोभत नाही म्हणतो. पण माणसाचं दुःख निवारायला जायला हवा तो पैसा प्राण्यांवर खर्चणंही योग्य नाही, असं बजावतो. २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये प्रत्येक जिवाला स्वतःचं मोल आहे म्हणणारे पोप फ्रान्सिस २०२२ च्या जानेवारीत, मुलांऐवजी कुत्री-मांजरं पाळणाऱ्या जोडप्यांना स्वार्थी म्हणून गेले.

‘माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही कुत्र्यांवर खर्च करता?’ हा प्रश्न बचावकार्यातल्या माणसाला घरचे, शेजारचे आणि देवळा-चर्चबाहेरचे सगळेच विचारतात. प्रश्न खोटा नाही. रेबीज एकदा अंगात प्रकटला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावा बहुधा रस्त्यावर खेळणाऱ्या, गरीब घरच्या मुलाला बसतो. पण गोव्यात ‘मिशन रेबीज’ने २०१४ पासून घरोघर, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये राज्य रेबीजनियंत्रित जाहीर झालं. कुत्र्यावरचा तो खर्च माणसांच्या खात्यातच जमा झाला.

घर शोधण्याचं काम मुंबईत ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’, ‘वर्ल्ड फॉर ऑल’ यांसारख्या संस्था करतात, आणि वसई-विरारसारख्या उपनगरांत बरंचसं ते व्हॉट्सअॅपवर, पदरचे पैसे घालून चालतं. पिल्लाचा फोटो टाकला की पहिल्या तासात पन्नास बदाम येतात. मग खरी छाननी सुरू होते, आणि ती मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या मामाला लाजवेल अशी असते. घर स्वतःचं की भाड्याचं? मालकाची परवानगी आहे? घरातल्या सगळ्यांची संमती आहे की फक्त मुलाचा वाढदिवस आहे? दिवसा घरी कोण असतं? गणपतीत गावी गेलात तर? नसबंदी कराल? बांधून ठेवणार नाही ना? कुणीतरी जाऊन घर बघून येतं, खिडक्यांना जाळी आहे का पाहतं. शेवटची अट ठरलेली: जमलं नाही तर परस्पर कुणाला देऊ नका, आमच्याकडे परत आणा. सोसायटीचा सेक्रेटरी आडवा आला तर त्याला प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची सूचना दाखवली जाते. कुत्रा पाळण्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही.

बाहेरून हे जाचक वाटतं. ‘कुत्रंच द्यायचंय ना?’ म्हणून चिडून फोन ठेवणारे बरेच. पण नकार देणं हाच या कामाचा मोठा भाग आहे, कारण दुसऱ्यांदा टाकलेल्या कुत्र्याला पुन्हा माणसाच्या जवळ आणणं फार अवघड जातं.

सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये अशीच एक अट लिहून ठेवली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश निघाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून नसबंदी-लसीकरण झालेल्यांना मूळ जागी सोडायला सांगितलं, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. त्याच आदेशात, भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं तर पालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं म्हटलं आहे. व्हॉट्सअॅपवरच्या छाननीत असतं तसं वाक्य निकालपत्रात आलं.

नव्या घरी गेलेल्या कुत्र्यासाठी बचाववाले तीन-तीन-तीनचा ठोकताळा सांगतात. तीन दिवस तो पलंगाखाली राहील, तीन आठवड्यांत वेळापत्रक शिकेल, तीन महिन्यांनी घर आपलं मानेल. परत आणण्याचे फोन त्यांना येतात ते बहुधा पहिल्या आठवड्यात: रात्री रडतो, चप्पल फाडली, सोफ्यावर मुतला. यातल्या निम्म्या फोनांवर समजूत काढली की काम भागतं. आणि ज्यांना कायमचं जमणार नाही असं आधीच माहीत आहे, त्यांना हल्ली तात्पुरता सांभाळ करायला सांगतात. महिनाभर एक पिल्लू ठेवा, लशी होईपर्यंत, कारण निवाऱ्याच्या गर्दीत पार्व्हो आणि डिस्टेंपर लहान पिल्लांना फार लवकर गाठतात. वयस्कर, तीन पायांची आणि काळी कुत्री फोटोंच्या रांगेत मागे राहतात, असा या लोकांचा अनुभव आहे. म्हणून काळ्या कुत्र्याचा फोटो ते आता उन्हात, लाल रुमाल बांधून काढतात.