शिंगांचा हिंगूळ आणि पाठीवरचे पट्टे

भालकी, औराद, बसवकल्याणच्या मराठी घरांत पोळ्याला देवणी बैलाचा थाट पाहावा. आदल्या दिवशी खांदेमळणी. जुवाने घट्टे पडलेला खांदा हळद-तुपाने चोळायचा. मग साळलेल्या शिंगांना हिंगूळ, वर बेगड, नवी वेसण, गोंडे, पाठीवर झूल. परदेशात आज कुत्र्यांचे केस कातरून, रंगवून त्यांना वाघाचं रूप देणारे कारागीर त्यावर पोट भरतात. जनावर सजवण्याचं हे कसब आपल्या गोठ्यांत जुनंच आहे.

खऱ्या पट्ट्यांचं मात्र काय झालं?

टास्मानियाच्या थायलसिन या कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पाठीवर वाघासारखे काळे पट्टे होते, मादीच्या पोटाला पिल्लांची पिशवी. मेंढ्या मारतो म्हणून १८८८ ते १९०९ या काळात सरकारने त्याच्या शिकारीवर २,१८४ इनामं वाटली. कायद्याचं संरक्षण मिळालं जुलै १९३६ मध्ये. शेवटचा ज्ञात प्राणी त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

बिदर-कलबुर्गीच्या माळांवर लांडगा अजून आहे, तोही मेंढीचोर ठरलेला. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. मेंढी गेली की धनगराचं नुकसान मोठंच होतं. अशा वेळी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. मेलेल्या मेंढीवर विष मात्र टाकू नका.